ताराबाई मोडक : बालशिक्षिकेची घडण

४.१ प्रास्ताविक



चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे तुम्ही मागील घटकात अभ्यासली आहेत. आता एका चरित्राचा प्रत्यक्ष परिचय करून घ्यावयाचा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) हे नाव तुमच्या कानावरून गेले असेल. बालवाडीच्या प्रवर्तिका एवढी त्यांची ओळख शालेय पुस्तकांत एका ओळीत दिलेली असते आणि ती चुकीची नाही. परंतु त्या ओळीमागे एक प्रश्न दडलेला आहे व तो तुमच्यापैकी अनेकांच्या जिव्हाळ्याचा आहे. लहान मुलांना शिकविणारी व्यक्ती शिक्षक केव्हा ठरते? अनुभवाने, निष्ठेने, की कोणीतरी सही-शिक्क्यानिशी दिलेल्या कागदाने? आणि तो कागद देण्याचा अधिकार मुळात कोणाला असतो?

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र घेत असताना विद्यार्थ्यांचे माहितीपत्रक माझ्या हाती आले. एका विद्यार्थिनीने व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले होते. बोलताना समजले की त्या अठरा वर्षे अंगणवाडी चालवीत आहेत. मग ‘शिक्षिका’ असे का लिहिले नाही, असे मी विचारले. शिक्षिका म्हणवून घेण्याइतका कागद आपल्याजवळ नाही आणि आपल्याला मिळते ते वेतन नसून मानधन आहे, असे त्यांनी अगदी सहजपणे सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते उत्तर माझ्या मनात राहिले. हा घटक लिहिताना त्या बाई वारंवार डोळ्यांसमोर येत होत्या.

ताराबाईंचे चरित्र वाचताना तुम्हीही हा प्रश्न मनात जागा ठेवावा. त्याचे एकच एक उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडेल अशी अपेक्षा मात्र करू नये.

४.२ पदवीपर्यंत

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. प्रार्थना समाजाचे वातावरण असलेल्या घरात मुलीने शिकणे हे नवल नव्हते. पण घराबाहेरच्या समाजात ते नवलच होते. मुंबईत शिक्षण घेऊन १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती थोड्या असत, याची कल्पना तुम्हाला एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणावरील घटकातून आलेली आहेच.

पदवीनंतर अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडात राहावयास गेल्या. हा संसार टिकला नाही. चरित्रकार अशा ठिकाणी दोन चुका करतात. एक तर सारे झाकून टाकतात, नाहीतर कोणाला तरी खलपुरुष ठरवितात. आपल्याला त्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. एवढे ध्यानात घ्यावे की पदरी एक लहान मुलगी, हाती बी. ए.ची पदवी आणि पुढे स्वतःच्या कमाईवर जगावयाचे, अशा स्थितीत ताराबाई तिशीला पोहोचल्या. त्या काळातील मध्यमवर्गीय स्त्रीला ही स्थिती किती अवघड होती, हे वेगळे सांगावयास नको.

४.३ राजकोटहून भावनगरला

राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या प्राचार्यपदी ताराबाईंची नेमणूक झाली. हे पद तोवर युरोपीय स्त्रियांकडे असे. ते भारतीय स्त्रीकडे प्रथमच आले. मान होता, पगार होता, राहण्याची सोय होती. एकट्या आईच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण.

आणि ही जागा त्यांनी फार काळ ठेवली नाही. १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

असे का घडले असावे? त्या काळातील अध्यापन विद्यालयांत काय शिकविले जाई, ते आधी पाहू. वर्गात शिस्त कशी राखावी, धड्याचे टाचण कसे काढावे, फळ्यावर कसे लिहावे, पाढे कसे घोकून घ्यावेत. हे सारे सहा वर्षांवरील मुलांसाठी. साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी काही वेगळे शास्त्र असते, त्यासाठी माणसाला वेगळे तयार करावे लागते, ही कल्पनाच आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती. ते मूल घरी आजीजवळ असावयाचे, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. राजकोटला ताराबाई शिक्षिका घडवीत होत्या खऱ्या. परंतु शिक्षण जेथून सुरू होते ते वय त्या संस्थेच्या कक्षेबाहेरच होते.

गिजुभाईंविषयी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या वाचनात मारिया मॉंटेसरी यांचे लेखन आले आणि वकिली मागे पडली. नानाभाई भट्ट यांनी भावनगरला स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत ते आले व १९२० साली तेथे बालमंदिर सुरू झाले. मुलांवर इतकी माया करणाऱ्या या मिशीवाल्या गृहस्थांना गुजरातेत लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, म्हणू लागले. मारू नये, धाक घालू नये, बक्षिसांची लालूच दाखवू नये, मुलाला स्वतःच्या हातांनी काम करू द्यावे, गोष्टी भरपूर सांगाव्यात, हे त्यांचे सूत्र. आज ते ऐकून तुम्हाला विशेष वाटणार नाही. ज्या काळी शाळेत छडी ही फळ्याइतकीच आवश्यक वस्तू समजली जाई, त्या काळात ते कसे वाटले असेल, याचा विचार करा.

प्राचार्यपदावरील स्त्री बालमंदिरात येते आणि शिकावयास बसते, हा ताराबाईंच्या चरित्रातील कळीचा प्रसंग आहे असे मला वाटते. या प्रकारच्या शिक्षणात पहिला अभ्यास असतो तो निरीक्षणाचा. मूल काय करते ते नुसते पाहावयाचे. मध्ये पडावयाचे नाही. भांड्यातील पाणी सांडले तर धावावयाचे नाही; ते स्वतः फडके आणते का, किती वेळाने आणते, पुसताना कोणाकडे पाहते, हे टिपून ठेवावयाचे. ज्यांना बोलण्याची सवय आहे अशा शिक्षकांना हा अभ्यास फार जड जातो. माझ्यासारख्या तास घेण्याची तीस वर्षे सवय असलेल्या माणसाला एक सकाळ गप्प बसवले तर काय होईल, याची मला चांगली कल्पना आहे.

पुढील सुमारे नऊ वर्षे ताराबाई भावनगरला होत्या. गुजराती भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की त्या भाषेत लेखन व संपादनही केले. बालशिक्षणाच्या प्रसारासाठी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी झाली. त्याच सुमारास ‘शिक्षणपत्रिका’ हे गुजराती मासिक सुरू झाले. पुढे १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती निघू लागली व तिचे संपादन ताराबाईंनी सांभाळले. मराठीत बालशिक्षणाची परिभाषा घडली ती बऱ्याच अंशी या मासिकाच्या पानांवर. मराठी गद्याच्या इतिहासात या मासिकाची नोंद सहसा होत नाही. व्हावयास हवी.

४.४ प्रमाणपत्र कोणी द्यावे?

बालमंदिरे निघू लागली की शिक्षक लागणारच. म्हणून दक्षिणामूर्तीमध्ये बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले. ताराबाई आता शिकणाऱ्या राहिल्या नाहीत, पुन्हा शिक्षक घडविणाऱ्या झाल्या. मात्र राजकोटला घडवीत होत्या त्याहून अगदी निराळ्या प्रकारचे.

येथे जरा थांबू. गिजुभाईंजवळ मॉंटेसरी पद्धतीचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांनी ही पद्धती पुस्तकांतून आणि मुलांकडून उचलली होती. ताराबाई ती गिजुभाईंकडून व मुलांकडून शिकल्या. आणि आता ही माणसे इतरांना बालशिक्षक म्हणून तयार करीत होती. हा अधिकार त्यांना कोणी दिला, असा प्रश्न कोणी विचारला असता तर तो गैर ठरला नसता.

या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून तिकडे युरोपात काय चालले होते ते पाहा. मारिया मॉंटेसरी या व्यवसायाने वैद्य. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील पहिली शिक्षिका अध्यापनाचे कोणतेही शिक्षण न घेतलेली साधी तरुणी होती, आणि मॉंटेसरींना ते सोयीचेच वाटले. कारण जिने जुन्या पद्धती शिकलेल्याच नाहीत तिला त्या विसरावयास लावण्याचे श्रम नव्हते. परंतु दोनच वर्षांनी, १९०९ साली, शिक्षकांसाठी पहिला अभ्यासक्रम झाला आणि त्यानंतर पदविका देण्याचे सारे सूत्र मॉंटेसरींनी स्वतःच्या हाती ठेवले. त्यांची पदविका मिळाली म्हणजे मुलांना शिकविण्याची मुभा मिळे. इतरांना शिक्षक म्हणून तयार करण्याची नव्हे. आपल्या नावाखाली कोणीही काहीही खपवू नये ही त्यामागील चिंता होती आणि ती अनाठायी नव्हती. आपल्या गावातील गल्लोगल्ली लागलेल्या ‘मॉंटेसरी’ अशा पाट्या पाहिल्या म्हणजे त्या चिंतेची सत्यता पटते.

म्हणजे एका बाजूला दर्जा राखण्यासाठी घट्ट आवळलेली मूठ, आणि दुसऱ्या बाजूला हजारो मैलांवरच्या एका संस्थानी नगरात, अधिकृत कागदाशिवाय, गरजेपोटी सुरू झालेले शिक्षक-शिक्षण. तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? घाईने उत्तर देऊ नका. कागदाची पर्वा न करणाऱ्यांविषयी आपल्याला सहज आपुलकी वाटते. पण आपले स्वतःचे मूल कोणाच्या हाती सोपवावयाचे हा विचार आला की आपण कागद विचारतो.

भावनगरच्या मंडळींनी मॉंटेसरींचे सारे जसेच्या तसे घेतलेही नाही. लहान मुलांना परीकथा, अद्भुतकथा सांगण्याविषयी मॉंटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंचे तर कथाकथन हे जीवन. गाणी, नाटुकली, सहली, मातीकाम यांना त्यांनी भरपूर जागा दिली. संघाच्या नावात ‘नूतन’ हा शब्द आहे, पद्धतीच्या प्रवर्तिकेचे नाव नाही, हेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१९३९ च्या जून महिन्यात गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया मॉंटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. ज्यांचे लेखन वाचून वकिली सोडली त्या बाई आपल्या देशात आल्या तेव्हा गिजुभाई नव्हते. अड्यारच्या पहिल्या अभ्यासक्रमास सुमारे ३०० विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धामुळे इटालियन नागरिक या नात्याने मॉंटेसरींवर बंधने आली. त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. युद्ध संपेपर्यंत त्या भारतातच राहिल्या, अड्यारला व कोडाईकनालला. आता ‘खरी’ पदविका भारतातच मिळू लागली होती. ज्यांनी ती घेतली त्यांना शहरांतून मागणी आली आणि ‘मॉंटेसरी’ हा शब्द हळूहळू पद्धतीचे नाव न राहता प्रतिष्ठेचे नाव झाला.

४.५ दादर

ताराबाई १९३२ मध्ये मुंबईस परतल्या होत्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गीय वस्ती, शिकलेले पालक, फी देण्याची तयारी. या संस्थेला जोडूनच बालशिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर आले आणि मराठी भाषेतून बालशिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेण्याची सोय मुंबईत झाली. ही गोष्ट वरवर लहान दिसते. पण मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, नोकरीसाठी घराबाहेर पडू पाहणाऱ्या कितीतरी स्त्रियांना परिचारिका आणि प्राथमिक शिक्षिका यांच्याखेरीज एक तिसरा मार्ग त्यामुळे दिसू लागला.

शिशुविहार यशस्वी झाले. येथेच हे चरित्र थांबले असते तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण आकर्षक साधने, नीटनेटक्या खोल्या, प्रशिक्षित शिक्षिका हे सारे ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांपर्यंत पोहोचत होते.

४.६ बोर्डी आणि कोसबाड

१९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. तुमच्यापैकी जे चाळिशी-पन्नाशीत पुन्हा अभ्यासाला बसले आहेत त्यांनी हा आकडा अधोरेखित करून ठेवावा.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. चिकूच्या बागा, तुलनेने सुस्थितीतील गाव, आणि आसपास वारली व इतर आदिवासींचे पाडे. त्याच वर्षी या परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. अशा प्रदेशात साडेतीन वर्षांच्या मुलांची शाळा काढणे हे काहींना विनोदी वाटले असल्यास नवल नाही.

त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय ताराबाईंचे चरित्र पूर्ण होत नाही. १७ मार्च १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर त्या शिकल्या, प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केले, ग्रामीण भागात व नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली आणि नोकरी करीत असतानाच रात्रशाळेत शिकून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या, रीतसर प्रशिक्षित आणि दीर्घ अनुभवी शिक्षिका होत्या. तरीही पहिलीच्या आधीच्या मुलांसमोर त्यांना पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. राजकोटहून भावनगरला आलेल्या ताराबाईंचे जे झाले होते तेच येथे निराळ्या रीतीने घडले. आणि या वेळी शिकविणाऱ्या ताराबाई होत्या.

केंद्र सुरू झाले, पण ज्यांच्यासाठी सुरू केले ती मुले येईनात. ती घाबरत, त्यांच्या आईबापांना कामावर जावयाचे असे, आणि गावातील अंतरे नुसती वाटेची नव्हती, जातीचीही होती. तेव्हा ताराबाई व अनुताई साहित्य घेऊन हरिजनवाड्यात जाऊ लागल्या. जे अंगण मिळेल तेथे शाळा भरे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना येथे आकाराला आली.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. मॉंटेसरी साधने बारकाईने बनवावी लागतात व महाग असतात. खेड्यात ती कोठून आणावयाची? पण साधनांमागचे तत्त्व तर महाग नव्हते. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, रंगांच्या छटा यांचा भेद मुलाच्या हाताला व डोळ्यांना कळावा, हे ते तत्त्व. मग शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या यांनी तेच काम होऊ लागले. समुद्रकाठी शिंपल्यांना तोटा नव्हता. गंमत अशी की या साधनांनी शिकविण्यासाठी शिक्षिकेला मूळ शास्त्र अधिक चांगले समजलेले असावे लागते. तयार साधन स्वतःच बरेचसे काम करते. शिंपल्यांच्या ढिगाचे साधन बनविण्यासाठी डोके लागते. म्हणून खर्च कमी केला म्हणजे प्रशिक्षणही कमी करता येते, हा समज चुकीचा आहे. आपल्या योजना आखणाऱ्यांच्या हे अजूनही नीट ध्यानात आलेले दिसत नाही.

पुढे १९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी हलले. तेथे ‘विकासवाडी’ उभी राहिली. तान्ह्यांचे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असावीत अशी ही रचना होती. तिच्यामागचे निरीक्षण साधे आहे. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. भावाची सोय केली की बहीण वर्गात येते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग झाला, ती ‘कुरणशाळा’.

या कामासाठी शहरातून प्रशिक्षित शिक्षिका येऊन टिकणे अवघड होते. त्यामुळे खेड्यातील, कमी शिकलेल्या स्त्रियांनाच बालवाडी चालविण्यास तयार करण्याचे काम केंद्राने हाती घेतले. पात्रतेची अट सैल केली, ती नाइलाजाने आणि विश्वासानेही. जी पाड्यावरची बोली बोलते, जिला मुलाच्या आईचे नाव ठाऊक आहे, तिच्याजवळ काही असे असते की जे दादरच्या अभ्यासक्रमात शिकविता येत नाही. भाषाशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी याला दुजोराच देईन. प्रमाण मराठीशी पहिल्यांदा भेटणाऱ्या वारली मुलाला आपली बोली समजणारे माणूस समोर असणे, ही शिकण्याची पूर्वअटच आहे. पण याच सैल अटीतून पुढे एक अडचण उद्भवली. जिची शैक्षणिक पात्रता कमी, तिला शिक्षिका म्हणावयाचे नाही, असा संकेत पडला.

४.७ शब्दांविषयी थोडे

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून हा भाग. ‘बालवाडी’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः ताराबाईंना दिले जाते. ‘वाडी’चे मूळ संस्कृत ‘वाटिका’. गुजरातीत वाडी म्हणजे बाग, मळा. डहाणू-बोर्डीकडे चिकूची वाडी, कोकणात नारळा-पोफळीची वाडी. देशावर मात्र वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. फ्रोबेलच्या ‘किंडरगार्टन’ या शब्दाचा अर्थ मुलांची बाग. त्याला ‘बालोद्यान’ असा भारदस्त पर्याय देता आला असता. पण ‘बालवाडी’त बागही आली आणि वस्तीही आली. बोलणाऱ्याच्या तोंडात बसणारा, ऐकणाऱ्याला परका न वाटणारा शब्द. ‘बालमंदिर’, ‘शिशुविहार’, ‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’ असा क्रम लावून पाहा. संस्कृत शब्दांकडून घरगुती शब्दांकडे, आणि नगराकडून पाड्याकडे, असा तो प्रवास दिसेल.

आता शिकविणाऱ्या व्यक्तीचे शब्द पाहा. प्राथमिक शाळेत ‘बाई’ किंवा ‘गुरुजी’. बालवाडीत व अंगणवाडीत ‘ताई’. मुलाला ताई जवळची वाटते, हे खरे. परंतु ‘शिक्षिका’च्या जागी ‘सेविका’ हा शब्द आला तेव्हा काही हरवलेही. सेवा करणाऱ्याला मानधन मिळते, नोकरी करणाऱ्याला वेतन. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. त्याबरोबर ‘सेविका’ हा शब्द व त्याला चिकटलेला आर्थिक दर्जाही पोहोचला. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०२२ साल उजाडले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली. हे शिक्षण दूरस्थ पद्धतीनेही घेता यावे अशी तरतूद त्यात आहे. प्रारंभी उल्लेखिलेल्या आमच्या विद्यार्थिनीसारख्या स्त्रियांच्या हाती कागद येण्याचा मार्ग त्यामुळे खुला होतो. कागदाबरोबर वेतन येते का, हे पाहावयाचे आहे.

४.८ अखेरची वर्षे

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. त्या आधीच्या वर्षी कोसबाडला आणखी एक घटना घडली होती, जिची वृत्तपत्रांनी दखल घेण्याचे कारण नव्हते. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई वाघ बी. ए. झाल्या. त्यांच्या कामाला त्या पदवीची गरज नव्हती; सोळा वर्षे त्या पदवीवाचून शिक्षिका घडवीत आल्या होत्या. तरी त्यांनी परीक्षा दिली. का दिली असावी, याचे उत्तर तुमच्याइतके चांगले कोण देऊ शकेल?

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. अंगणवाडीची सरकारी योजना सुरू होण्यास तेव्हा दोन वर्षे बाकी होती. आपला शब्द देशभरच्या पाट्यांवर लागलेला त्यांनी पाहिला नाही. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, चालविले.

४.९ उपक्रम

जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत तेथील ताईंची परवानगी घेऊन एक सकाळ बसा. कोणत्याही एका मुलाकडे अर्धा तास पाहा. त्याला मदत करू नका, प्रश्न विचारू नका. ते काय करते, कोणत्या वस्तू हाताळते, कोणत्या भाषेत किंवा बोलीत कोणाशी बोलते, हे वहीत टिपा. त्यानंतर ताईंना, त्यांना वेळ असेल तरच, त्यांनी कोणते प्रशिक्षण घेतले आहे आणि त्यातील काय उपयोगी पडले, हे विचारा. दोन्ही नोंदींवरून सुमारे ३०० शब्दांचे टिपण लिहून संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावे. टिपणात त्यांचा उल्लेख कोणत्या शब्दाने करावयाचा, ते त्यांनाच विचारून ठरवा.